बाहेरचा ग्रह हळू का चालतो, अक्का

अक्का,

तुला जाऊन आज नववा दिवस. काल अहमदपूरला तुझ्या घरासमोर मांडव टाकून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग चार माणसं तुझ्यावर बोलली. कुणी म्हणालं कष्टाळू होत्या, कुणी म्हणालं मायाळू होत्या. तुझ्या जावेनं तर तू जन्मात कुणाला उलटून बोलली नाहीस असं सांगून टाकलं, तेव्हा तुझ्या सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि त्या दुःखातही आम्हा दोघींना हसू आलं. मग माईक माझ्याकडं आला. अडतीस वर्षं वर्गात उभी राहून बोललेली बाई मी, पण काल तोंडातून शब्द निघेना. लोकांना वाटलं, धाकट्या बहिणीचं दुःख आहे. दुःख तर आहेच. पण मला जे बोलायचं होतं ते फक्त तुझ्याशी होतं आणि ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. आज सकाळच्या एसटीनं नांदेडला परत आले, पिशवी दारातच ठेवली आणि लिहायला बसले.

तुला आठवत असेल, असं लिहिणार होते. ही सवय इतक्यात जायची नाही.

आपल्याला शेत नव्हतं. सुगीत आई-आबा मालकाच्या खळ्यावर मळणीला जायचे आणि त्यांच्या मागं आपण दोघी. खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे जाडजूड लाकडी खांब रोवलेला. त्याला एका दोरीत, ओळीनं बांधलेले चार बैल. त्यांनी दिवसभर गोल फिरायचं आणि पायाखाली ज्वारीची कणसं तुडवायची. त्यांच्या मागं फिरून त्यांना हाकायचं काम तुझ्याकडं. दहा वर्षांची असशील. मी कडेला बसून कणसं खायची आणि तू मला ज्ञान द्यायचीस. "शोभे, बघ. तिवड्याजवळचा बैल निस्ता पाय हालवून राहिला. खरं मरण बाहेरच्याचं. त्याला पळावं लागतंय." म्हणूनच मालक थकलेला बैल आत बांधायचा आणि तरणा बाहेर. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, तू बघून बघून ओळखलंस. तुझं सगळं शिक्षण असंच बघून झालेलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कणीसच नाही तर खळं कसलं. तू सातवीत होतीस, मी चौथीत. कामावर जाणारं घरातलं आणखी एक माणूस वाढलं तर सगळे जगतील, असा आबांचा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. मुकादमाला तुझं वय वाढवून सांगितलं. आईचं लुगडं गुंडाळून तू दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीस. शाळेतून तुझं नाव कुणी काढलं नाही, तू जायचीच थांबलीस. शाळेचं भूगोलाचं पुस्तक मात्र तू परत दिलं नाहीस. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला तरी नाही. "दुष्काळ सरला की मला जायचंय की," म्हणायचीस. दुष्काळ सरला. तू गेली नाहीस. तो विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही, मीही नाही.

त्या पुस्तकात एका पानावर मधे सूर्य होता आणि त्याच्याभोवती नऊ ग्रहांच्या नऊ वाटा. तू कामावरून यायचीस, तिथं खायला मिळालेली सुकडी माझ्या हातावर ठेवायचीस आणि ते पान उघडून बसायचीस. एक दिवस म्हणालीस, "हे तर खळंच हाय गं."

बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. त्या दिवशी तू मला मालकाच्या मोकळ्या खळ्यावर नेलंस. तिवडा कुणीतरी उपटून नेला होता, नुसता खड्डा राहिला होता. त्यात तू आबांची काठी उभी केलीस. तो सूर्य. मला काठीपाशी उभं केलंस. "तू बुध. तू दमानं चाल." स्वतः पार कडेला गेलीस, जिथं भुई तडकली होती. "मी प्लूटो. मला पळावं लागंल. तुझा फेरा आन माझा फेरा संगंच झाला पायजे, ध्यान ठिव." हाताला फोड आले होते म्हणून तू चिंध्या गुंडाळल्या होत्यास आणि ते लुगडं धड आवरतही नव्हतं. मी काठीभोवती डुलत डुलत चालले. तू पळालीस. किती फेरे झाले कोण जाणे. शेवटी तू मटकन खाली बसलीस, धाप लागली होती आणि तरी तू हसत होतीस. "बघितलंस? आता जन्मात इसरायची न्हाईस."

नाही विसरले. सातवीच्या परीक्षेत प्रश्न आला, सर्वांत वेगानं फिरणारा ग्रह कोणता. मी डोळे झाकून प्लूटो लिहिलं. मास्तरांनी उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी मान खाली घातली. तेवढ्या एका मार्कानं माझा पहिला नंबर गेला. घरी येऊन मी पुस्तक तुझ्या अंगावर फेकलं. तुझ्यामुळं गेला, म्हटलं. जवळचा बुध पळतो आणि लांबचा प्लूटो हळू जातो, असं मास्तर म्हणाले. तू पुस्तक उचललंस, त्याची धूळ झटकलीस आणि म्हणालीस, "आसं कसं? त्याला तर लई लांबून जायचंय. मग त्यो हळू का? उद्या मास्तराला इचारून ये." मी कशाला विचारते. मला मार्क हवा होता. कारण तुला हवं होतं. त्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं.

मला पुढं नांदेडच्या कॉलेजात घातलं ते तुझ्या हट्टानं. आबा नको म्हणत होते आणि तू सासरहून येऊन त्यांच्याशी भांडलीस. कधी उलटून बोलली नाही म्हणे. अहमदपूरहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती भाकरीचं गाठोडं पाठवायचीस आणि मी स्टँडवर जाऊन ते घ्यायचे. त्यात कधी शेंगदाण्याची चटणी असायची, कधी तीळ कुटलेले. चिठ्ठी नसायची. तुला लिहिता येत होतं, तरी नसायची. हाताची सवय गेली म्हणालीस एकदा.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला. त्याच सुमाराला मला अहमदपूरच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी तुझ्या घरी राहायला आले. भाऊजी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. दोन खोल्यांत तुम्ही चार माणसं, त्यात मी पाचवी. नव्या जिल्ह्याचं तुला भारी कौतुक. "आपण हितंच," म्हणायचीस. "गाव हाललं न्हाई, रस्ता हालला न्हाई. सरकारनं सूर्यच उचलून जवळ आणला." माझ्या नेमणुकीच्या मान्यतेचा कागद लातूरहून लवकर आला तेव्हा तू तो उलटासुलटा करून बघितलास. "उस्मानाबादला आसता तर दोन वरसं फिरत बसला आसता. जवळचं पळतंय बघ." मी जेवत होते. जवळचं पळतं, लांबचं रेंगाळतं. तू अख्खा नियम सांगून मोकळी झाली होतीस आणि विज्ञानाच्या बाईला तो ऐकूसुद्धा आला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

त्याच वर्षी, आठवीच्या वर्गात ग्रहांचा धडा होता. नवी बाई होते, मुलं ऐकेनात, म्हणून मी त्यांना हसवायला गेले. म्हटलं, माझी एक बहीण आहे, अडाणी. तिला वाटतं आभाळात बैल फिरतात. आणि मी तुझा आवाज काढून दाखवला, "बाहेरचा बैल लई पळतोय बगा." हात कमरेवर ठेवून, मान हलवून, अगदी तू बोलतेस तसं. वर्ग खदखदून हसला. मलाही जमल्यासारखं वाटलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी हसायची थांबली आणि दाराकडं बघायला लागली.

मी सकाळी डबा विसरले होते. तू तो घेऊन दारात उभी होतीस.

तू किती ऐकलंस ते मला माहीत नाही. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, मुलांबरोबर. मग डबा टेबलाच्या कडेला ठेवलास आणि म्हणालीस, "बाई, तुमचा डबा." माझी बहीण, जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं, ती मला वर्गासमोर बाई म्हणाली आणि मागं न बघता निघून गेली. माझा मान राखायला तसं म्हणालीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. ती माझी बहीण आहे, हे मुलांना सांगायला मला तोंड उघडता आलं असतं. मी फळ्याकडं वळले. आणि अडाणी म्हणाले कुणाला, तर सहावी पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीला.

संध्याकाळी तू चुलीपुढं बसली होतीस. मी कपडे बदलून आले. वाटलं, आता तू बोलशील, निदान टोमणा तरी मारशील. तू म्हणालीस, "शोभे, मग खरं कसं हाय? बाहेरचा हळू का जातो? तेवढं सांग की." कुठलाही राग नव्हता त्यात. आठ-नऊ वर्षं तो प्रश्न तुझ्याकडं पडून होता आणि आता घरातच सांगणारी होती, म्हणून विचारलंस. आणि मी म्हटलं, "तुला कळायचं नाही ते, अक्का. गणित लागतं त्याला."

"हाव. आसंल," म्हणालीस, आणि तव्यावरची भाकरी उलटलीस.

मी तसं का म्हटलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. अवघड होतं म्हणून नव्हे. त्याच दुपारी आठवीच्या पोरांना मी ते सांगून आले होते. मला भीती वाटली, की बोलणं सुरू झालं तर ते वर्गाच्या दारापर्यंत जाईल. मला माझी लाज झाकायची होती आणि ती झाकायला मी तुझ्या अकलेवर पांघरूण घातलं. त्यानंतर तू मला तो प्रश्न कधी विचारला नाहीस. एकदाही नाही.

बाकी तुझं तोंड बंद होतं असं कुणी म्हणू नये. मोंढ्यात भाऊजींचा पाय मोडून ते घरी बसले, तेव्हा शेजारच्या काकू आल्या. ग्रह फिरलेत तुमचे, शनीला तेल घाला म्हणाल्या. तू सुपात ज्वारी पाखडता पाखडता म्हणालीस, "काकू, ग्रह हायतच फिरायला. थांबले तर वांधे." ही गोष्ट मी प्रत्येक वर्षी वर्गात सांगितली, आणि ती सांगताना माझी थोरली बहीण असं म्हणाली, हे आवर्जून सांगत गेले. मनातल्या मनात मी ती परतफेड समजत होते. तुला मात्र हे कधी कळवलं नाही. तुला वर्गात कशी मिरवते ते सांगायचं, तर आधीचंही सांगावं लागलं असतं.

मग माझं लग्न, नांदेडची बदली, मुलं, संसार. दिवाळीला आणि संक्रांतीला तुझ्याकडं यायचे. आपण मुलांविषयी बोललो, सुनांविषयी बोललो, दुसऱ्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा तासभर पाण्याविषयी बोललो. गुडघ्यांविषयी तर किती बोललो. सांगायला मला बेचाळीस वर्षं होती, अक्का. दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. आता काय घाई आहे, ती कुठं जाते.

दहा-बारा दिवसांपूर्वी तुला इथं नांदेडला दवाखान्यात आणलं, तेव्हा तुझी वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतं, बोलत राहा. खाटेपाशी दुसरं कुणी नव्हतं. तू माझ्याकडं टक लावून बघत होतीस. त्याच वेळी सांगता आलं असतं सगळं. माफी मागता आली असती. मी तुझी चादर नीट केली, उशी सरळ केली आणि म्हटलं, "औषध घेत जा बरं, थुंकून टाकू नको." माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं हे. पहाटे तुझ्या मुलाचा फोन आला.

काल कार्यक्रम आटोपला, पंगती उठल्या, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागले. मी ओट्यावर बसले होते, तर तुझी नात प्रज्ञा वही घेऊन शेजारी येऊन बसली. सहावीत आहे, तुझ्यासारखंच बारीक डोळे करून बघते. म्हणाली, "मावशीआजी, तुला एक विचारायचं राहिलं होतं. आजी म्हणाली होती, तू आलीस की विचारू."

मी म्हटलं, काय गं?

"लांबचे ग्रह हळू का फिरतात? मी आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, आतला पळतो आन बाहेरचा दमानं जातो, एवढं मला ठाव हाय. पर का, ते माझ्या बहिणीला इचारू. तिच्यासारखं समजावून सांगणारं कुणी न्हाई."

मी विचारलं, "मग मी संक्रांतीला आले होते की. तेव्हा का नाही विचारलंस?"

"मी येत होते. आजीच नको म्हणाली. ती दमून आलीय, म्हणाली, पुढच्या खेपेला." मग पोरीनं विचारलं, "मला कळेल का पण? आजी म्हणायची, त्याला गणित लागतं."

अक्का, माझं वाक्य तू असं सांभाळून ठेवलं होतंस. मी तुला काय म्हणाले होते, ते त्या पोरीला तू सांगितलं नाहीस. फक्त अर्धं सांगितलंस, मला शोभेल तेवढंच.

मी तिला सांगायला लागले. सूर्य सगळ्या ग्रहांना आपल्याकडं ओढत असतो. जो जवळ आहे त्याला जोरात ओढतो, जो लांब आहे त्याला कमी. बुध सगळ्यांत जवळ. तो रेंगाळला तर ओढीनं सूर्याकडंच जाईल, म्हणून त्याला सतत पळावं लागतं. त्याचा फेरा तीन महिन्यांच्या आत होतो. शनी फार लांब, त्याला ओढ थोडी. तो दमानं चालला तरी वाट सुटत नाही. उलट बुधासारखा पळाला तर वाट सोडून कायमचा निघून जाईल. त्याला एका फेऱ्याला तीसेक वर्षं लागतात. आणि या वाटा अगदी गोल नसतात, किंचित लांबट असतात. त्यामुळं एकच ग्रहसुद्धा सूर्याच्या जवळून जाताना पाय उचलतो आणि लांब गेला की सावकाश होतो.

प्रज्ञा म्हणाली, "मग आजीच्या खळ्यात उलटं का व्हायचं?"

तू तिला खळंही सांगितलं होतंस तर. मी म्हटलं, खळ्यात बैल एका दोरीत बांधलेले असतात. सगळ्यांचा फेरा एकदमच पुरा व्हावा लागतो. म्हणून आतल्याचं चालण्यावर भागतं आणि बाहेरच्याला पळावं लागतं. ग्रह एकमेकांना बांधलेले नसतात. ज्याचा त्याचा वेग, ज्याचा त्याचा फेरा. तुझी आजी खळ्याचं सांगत होती ते खरंच होतं. तिचं काही चुकलं नव्हतं.

एवढं बोलून मला रडू फुटलं. आपण दोघी एका दोरीत होतो, अक्का. मी आत होते. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी नोकरी हा सगळा फेरा मी चालत चालत पुरा केला, कारण बाहेरच्या अंगानं तू पळत होतीस. मी मात्र माझा वेग माझाच आहे असं समजत आले, आणि वर तुलाच हसले. मला माफ कर. हे मला तुझ्या कानात म्हणायचं होतं.

प्रज्ञा घाबरली, पाणी आणायला उठली. मी तिला बसवलं आणि विचारलं, कळलं का गं? ती म्हणाली, "हो. ओढ जास्त असली की पळायचं, कमी असली की दमानं. सोपं आहे की." वहीत तिनं दोन ओळी लिहिल्या, वही मिटली आणि मैत्रिणींकडं निघून गेली. मांडववाल्यांच्या खुर्च्या अजून निम्म्याही उचलून झाल्या नव्हत्या.

गणित कुठंच लागलं नाही, अक्का.